गेलेल्या बाईंच्या दाराचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. दचकू नका. मला पापणी नाही, भुवई नाही, आणि मी कोणाच्या चेहऱ्यावरही नाही. बाहेर कोण आले आहे ते दार न उघडता पाहता यावे, म्हणून दाराला एक बारीक भोक पाडतात आणि त्यात काच घातलेली पितळी नळी बसवतात. ती नळी म्हणजे मी. कोणी मला आयहोल म्हणते, कोणी भिंग म्हणते. ज्या सुताराने मला बसवले तो नुसते ‘डोळा’ म्हणायचा आणि मला तेच नाव आवडले.

आधीच सांगून टाकतो, मी शूर नाही. शूर होण्याचे मला कारणही नव्हते. खुर्ची दमलेल्या माणसासाठी बनवतात, छत्री भिजणाऱ्यासाठी बनवतात आणि मला बनवले ते घाबरणाऱ्या माणसासाठी. दारावर थाप पडली आणि छातीत धस्स झाले, की लोक माझ्याकडे धाव घेतात. ज्या घरात कोणाला कशाचीच भीती वाटत नाही, तिथे माझे काय काम? तेव्हा माझी गोष्टही बरीचशी भीतीचीच आहे. तुम्हाला मध्येच भीती वाटली तर खुशाल वाटू द्या. मला तर ती सांगतानाही वाटते आहे.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे काही बायका ओळीने बसून काचा घासत. आमच्या शेजारच्या टोपलीतल्या काचा दुर्बिणीत जाणार होत्या. त्यांचा तोरा काय वर्णावा! आम्हाला डोंगर दिसतील, चंद्र दिसेल, असे त्या येता-जाता ऐकवत. माझ्या नशिबी मात्र एका घराची पायरी, फाटक आणि समोरचा रस्ता एवढेच होते. पण एक गोष्ट माझ्याजवळ होती. मी मुद्दाम फुगीर घासलेला होतो, त्यामुळे दारासमोरचे सगळे एका नजरेत मावायचे. फक्त जवळ येणारा माणूस जरा विचित्र दिसायचा. नाक भोपळ्याएवढे, कपाळ ताणलेले आणि पाय बाहुलीसारखे आखूड. राजा आला असता तरी माझ्यातून तसाच दिसला असता.

सुताराने मला एका बैठ्या घराच्या दारात बसवले. घरात नवरा-बायको दोघेच. यजमान चांगलेच उंच होते आणि भोक कुठे पाडायचे याची खूण त्यांनी स्वतःच्या डोळ्यासमोर केली. बाई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. भोक पाडून झाल्यावर त्यांनी टाचा उंचावून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“अहो, मी काय शिडी लावून बघू?”

“बघायला मी आहे ना!” यजमान म्हणाले.

सुतार गालातल्या गालात हसला आणि त्याने उरलेल्या फळीचा एक बुटके स्टूल ठोकून दिले. पण बरीच वर्षे त्या स्टुलाची गरज पडली नाही. बघायला यजमान होते.

बाई एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधून समासात खुणा करायच्या, हे त्यांचे काम. चुका शोधायची इतकी सवय जडली होती, की घरी आल्यावरही त्यांना स्वस्थ बसवत नसे. शेजारी पत्र्याच्या आडोशाखाली इस्त्रीवालीचे टेबल होते. तिच्या पाटीवर ‘ईस्त्री’ असे लिहिलेले होते. एके दिवशी बाई पाणी आणि फडके घेऊन गेल्या, ती दीर्घ ‘ई’ पुसली आणि ऱ्हस्व ‘इ’ काढून दिली. इस्त्रीवाली म्हणाली, “बाई, कपडे तर सरळच होत होते की!” त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

ते माझे सुखाचे दिवस होते. घरी आलेली मुले बाहेरून माझ्यात जीभ काढून दाखवत. बाई जुन्या मऊ साडीच्या तुकड्याने मला पुसत आणि पाहुण्यांना सांगत, “आमचा डोळा फार तल्लख आहे हो.” मी आतल्या आत फुलून जात असे.

पुढे यजमान आजारी पडले आणि त्यातच वारले. बाई निवृत्त झाल्या. गल्लीतल्या तरुण मंडळींनी एकेक करून दूरची वाट धरली, म्हातारी माणसे त्यांच्यामागे गेली आणि दारांना कुलपे लागली. माझ्या समोरच्याच घराच्या खिडकीत कबुतरांनी संसार मांडला. आता दारावर थाप पडली, की बाईंना स्टूल ओढून त्यावर चढावे लागे.

मग तो दिवस उजाडला. भर दुपारी एक तरुण आला. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हसरा चेहरा. “मावशी, गॅसची नळी तपासायचीय,” तो म्हणाला. बाईंनी स्टुलावर चढून माझ्यातून त्याला नीट पाहिले. ओळखपत्र पाहिले, हसू पाहिले आणि दार उघडले. पुढच्या क्षणी त्याचा तळवा बाईंच्या तोंडावर होता आणि बाई भिंतीला टेकल्या होत्या. त्यांच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या ओढताना मनगट सोलून निघाले. तो गेल्यावरही बाई किती तरी वेळ भिंतीला तशाच चिकटून उभ्या होत्या. मित्रांनो, मी चेहरा दाखवू शकतो. चेहऱ्यामागचे दाखवणारी काच अजून कोणी घासलेली नाही.

त्यानंतर बाईंच्या मनात जे भय शिरले ते घर करूनच बसले. कुकरची शिट्टी झाली तरी त्या दचकायच्या. ज्या नंबरवर नाना तऱ्हेचे अनोळखी लोक गोड बोलत, तो नंबरच त्यांनी बंद करून टाकला आणि नवा नंबर फक्त इस्त्रीवालीला दिला. त्यांचा एक भाचा होता, सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याला पत्राने कळवू, उद्या कळवू, असे म्हणता म्हणता ते राहूनच गेले. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. घरात कोणी नाही असेच सगळ्यांना वाटले, तर कोण कशाला दार वाजवेल? इस्त्रीवालीने बाहेरून दाराला भले मोठे कुलूप घातले. आतून बाईंनी कडी लावली. जायचे-यायचे ते मागच्या दाराने, इस्त्रीवालीच्या परसातून. खिडक्या कायमच्या बंद झाल्या. आणि मी? माझ्यातून उजेडाचा एवढासा ठिपका बाहेर दिसतो आणि आत कोणी फिरले की तो ठिपका विझतो, हे बाईंच्या लक्षात आले होते. त्यांनी जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली आणि माझ्या आतल्या तोंडावर दाबून बसवली.

अशा रीतीने मी अर्धा आंधळा झालो. बाहेरचे मला दिसे, पण ते कोणाला दाखवता येत नसे. आतले नुसते ऐकू येई. बाईंच्या चपलांचा आवाजसुद्धा बंद झाला होता, कारण त्या घरात अनवाणी चालू लागल्या होत्या.

“आणि कोणी विचारलंच तर काय सांगू?” इस्त्रीवालीने एकदा विचारले.

“सांग, बाई गेल्या,” बाई म्हणाल्या.

आपल्याकडे घरातून निघणारा माणूससुद्धा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘गेला’ हा शब्द किती जपून वापरायचा, हे शब्दांवरच पोट भरलेल्या बाईंना काय ठाऊक नव्हते? पण भ्यालेल्या माणसाला दार तेवढे दिसते, शब्द दिसत नाहीत.

काही महिने सगळे शांत गेले. मग एका सकाळी हुडक्या आला.

त्याचे खरे नाव मला कधीच कळले नाही. बंद पडलेली घरे हुडकायची, मग त्यांचे मालक हुडकायचे आणि घर घेऊन ठेवू पाहणाऱ्या पैसेवाल्याशी त्यांची गाठ घालून द्यायची, हा त्याचा धंदा. म्हणून मी त्याला हुडक्या म्हणतो. फाटकापाशी स्कूटर लावून त्याने हेल्मेट काखेत धरले आणि तो घराकडे नुसता बघत राहिला. वैद्य जसा नाडी धरण्याआधी रोग्याकडे बघतो, तसा. फाटकाच्या बिजागरीवर बोट फिरवून त्याने गंज पाहिला. पायरीच्या फटीतले गवत पाहिले. भिंतीवरच्या विजेच्या मीटरसमोर बराच वेळ उभा राहिला. आत बाई एका मिणमिणत्या दिव्यावर दिवस काढत होत्या, तेव्हा मीटर काय पळणार? मग तो पायरी चढून थेट माझ्यासमोर आला, भोपळ्याएवढे नाक घेऊन, आणि त्याने आपला डोळा माझ्या डोळ्याला लावला.

नेमक्या त्याच वेळी, त्याच्या पावलांच्या आवाजाने घाबरून, बाई आतून स्टुलावर चढून उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. दोन माणसांच्या मध्ये एक दार, एक मी आणि एक चिकटपट्टी. बाईंनी पट्टीचे टोक नखाने उचललेसुद्धा होते. पण त्यांनी ते पुन्हा दाबून टाकले.

हुडक्याला काळोख दिसला. त्याने खूश होऊन तिथूनच फोन लावला.

“शेठ, एक मस्त घर सापडलंय. आत ठार अंधार. नाही हो, माणूस असलं की डोळ्यात उजेड दिसतोच. मालक हुडकायचा बाकी आहे. तो मी जमिनीतूनसुद्धा काढीन!”

आत काहीतरी धपकन वाजले. बाई स्टुलावरून उतरताना खाली बसल्या होत्या. हुडक्याने कान टवकारले, मग स्वतःशीच म्हणाला, “उंदीर.”

जाताना त्याने खिशातला एक कोरा कागद घडी करून दाराच्या फटीत खोचला. दार उघडले तर कागद पडणार आणि त्याला कळणार. त्या कागदाचे टोक आत आले. बाईंनी पुढे सांगितले तसे, त्या दिवसभर त्या टोकाकडे बघत बसल्या. ओढून घ्यावा तर आत कोणी आहे हे कळेल, ठेवावा तर तो माणूस पुन्हा येईल. त्यांनी जेवणसुद्धा केले नाही. इस्त्रीवाली मागून आली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, त्याचं बोट आत आल्यासारखं वाटतंय गं मला.”

पुढच्या आठवड्यात हुडक्या पुन्हा आला. कागद जागच्या जागी पाहून त्याचा चेहरा खुलला. मग तो शेजारच्या इस्त्रीच्या टेबलाकडे वळला. मला दोघेही दिसत होते, आणि आत दाराला कान लावून बाई ऐकत होत्या.

“ताई, या घराचे मालक कोण हो?”

“कशाला?” इस्त्रीवालीने मान वर केली नाही.

“घर घ्यायला पार्टी आहे. चांगली माणसं आहेत. पडून राहिलं की घर खचतं, दुसरं काय!”

“बाई होत्या. गेल्या.”

हुडक्याचा आवाज एकदम खाली आला. “अरेरे. कधी?”

“झाले की बरेच दिवस.”

“काय झालं होतं त्यांना?”

या प्रश्नाचे उत्तर बाईंनी पढवलेले नव्हते. इस्त्रीवालीने इस्त्री जरा जोरात फिरवली. “काय व्हायचंय? एकट्या होत्या. कंटाळल्या आणि गेल्या. एक पिशवीसुद्धा नेली नाही बरोबर.”

“कोण काय नेतं हो बरोबर!” हुडक्याने सुस्कारा सोडला. “सगळं इथंच ठेवून जायचं असतं. मागे कोणी आहे?”

“बहिणीचा मुलगा आहे म्हणतात. कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढतो.” एवढे बोलून इस्त्रीवालीने जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता.

हुडक्याने माझ्या दाराकडे तोंड करून क्षणभर मान खाली घातली. मित्रांनो, एका जिवंत बाईला तिच्याच दारासमोर वाहिलेली ती श्रद्धांजली मी या डोळ्याने पाहिली आहे. माझ्या पितळेतून शिरशिरी गेली. मला ओरडून सांगायचे होते, की अहो, त्या इथे दाराला कान लावून उभ्या आहेत! पण डोळ्याला तोंड कुठले?

आणि आत बाईंना काय वाटले म्हणता? त्यांना हायसे वाटले. इस्त्रीवाली परसातून आली तेव्हा त्या म्हणाल्या, “शाबास. ‘गेल्या’ म्हणालीस, बरं केलंस. आता नाही यायचा तो.” जन्मभर दुसऱ्यांच्या ओळींतल्या चुका पकडणाऱ्या बाईंना स्वतःची चूक दिसली नाही.

मालक हुडकण्यात हुडक्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने एकेक दवाखाना पालथा घातला आणि भाच्याला गाठले. तुमच्या मावशी गेल्या, शेजारणीनेच सांगितले, असे म्हटल्यावर भाचा मटकन खाली बसला. मावशीचा फोन लागत नाही, हे त्याला माहीत होते. आधी तो रोज लावून बघायचा, मग कधीतरी, मग कामाच्या रगाड्यात तेही सुटले. आता त्याला वाटले, फोन का लागत नव्हता ते आपल्याला कळले. कागदपत्रे घरातच असतील, आधी घर उघडून पाहू, असे हुडक्याने सुचवले. हे सगळे मला पुढे भाच्याच्याच तोंडून ऐकायला मिळाले.

मग एका दुपारी फाटक वाजले. चार जण होते. हुडक्या, पांढरे बूट घातलेले शेठ, ओढलेल्या चेहऱ्याचा भाचा आणि अवजारांची पिशवी घेतलेला किल्लीवाला. इस्त्रीवाली गठ्ठा पोचवायला गेली होती. तिचे टेबल रिकामे होते.

किल्लीवाल्याने करवत काढली. कुलूप करकरू लागले. आत बाईंनी ओरडावे तर तोंडाला कोरड पडली होती. मागच्या दाराकडे पळायला पाय उचलत नव्हते. त्यांनी चाचपडत फोन घेतला आणि इस्त्रीवालीला लावला. आणि बाहेर, त्या रिकाम्या टेबलावर, चादरीखाली ठेवलेला इस्त्रीवालीचा फोन वाजू लागला.

“कोणाचा वाजतोय?” शेठनी विचारले.

“असेल कोणाचा तरी. वाजून वाजून थांबेल,” हुडक्या म्हणाला.

फोन वाजून वाजून थांबला. कुलूप तुटून पायरीवर पडले. त्यांनी दार ढकलले. ते हलले नाही.

“आतून कडी आहे,” किल्लीवाला म्हणाला.

शेठनी हुडक्याकडे पाहिले. “काय हो, रिकामं म्हणालात ना?”

“रिकामंच आहे. मागून दार असेल. पुढून कडी घालून मागून... म्हणजे... नेलं असेल बाईंना.” हुडक्याने भाच्याकडे पाहून हात जोडले.

“काही अडत नाही,” किल्लीवाला म्हणाला. “डोळा काढतो.”

मित्रांनो, ते शब्द ऐकून माझे काय झाले असेल याची कल्पना करा. त्याने पक्कड उघडली, माझी पितळी कड तिच्यात धरली आणि पिळली. इतकी वर्षे लाकडात मुरलेला मी करकर करत फिरलो. मी दोन नळ्यांचा बनलेला आहे, एकीत दुसरी फिरवून घट्ट बसवलेली. आटे सुटले आणि माझे दोन तुकडे झाले. बाहेरचा अर्धा किल्लीवाल्याच्या हातात गेला. आतला अर्धा पट्टीसकट फरशीवर पडला आणि घरंगळत बाईंच्या अनवाणी पायाशी थांबला. पट्टी लागल्यापासून पहिल्यांदा मला एकाच वेळी दोन्हीकडचे दिसले. बाहेर चार माणसे उन्हात ताटकळत होती. आत एक लहानखुरी बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिचा हात स्वतःच्याच तोंडावर होता.

दाराला आता नुसते भोक उरले होते. त्यातून एक आकडा वळवलेली तार आत आली. आंधळ्या किड्यासारखी ती इकडे तिकडे चाचपडू लागली. आधी फळीवर खरवडली, मग खाली वळली. कडीला लागली, निसटली, पुन्हा लागली. खट्. कडी थोडी सरकली. बाई त्या कडीकडे टक लावून बघत होत्या. अजून एक खट् झाले असते, की पुन्हा तो तळवा, पुन्हा ती भिंत.

बाई पुढे झाल्या. हे धैर्य होते असे मी म्हणणार नाही. मागे सरकायला जागाच उरली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी ती तार धरली.

बाहेर किल्लीवाला थबकला. “अडकलंय कशाततरी.” त्याने ओढले. तार मागे गेली नाही. उलट दोन बोटांइतकी आत ओढली गेली. किल्लीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. “शेठ, आतून कोणीतरी ओढतंय.”

शेठ पायरी उतरून फाटकापाशी गेले.

“शक्यच नाही,” हुडक्याचा आवाज चिरकला. “अहो, बाई गेल्यात!”

आणि भोकातून आवाज आला, बारीक, कोरडा, कापरा. “कुठं गेलेय मी?”

किल्लीवाल्याने हातातले सगळे टाकले. माझा बाहेरचा अर्धा भाग पायरीवर आपटला आणि काचेला तडा गेला. शेठ रस्त्यावर पोचले होते. हुडक्या जागच्या जागी थिजला होता. एकटा भाचा दाराला जाऊन भिडला.

“मावशी?”

त्याने तळव्याने दार थोपटले.

“मावशी, तू आहेस?”

“मावशी सगळेच म्हणतात,” बाई आतून म्हणाल्या. तार त्यांनी सोडली नव्हती. “तोही मावशीच म्हणाला होता.”

कोण तो, हे भाच्याला ठाऊक नव्हते. तो दारावर कपाळ टेकून उभा राहिला. “मला सांगितलं तू गेलीस. आणि मी खरं मानलं. फोन लागत नव्हता, तर उठून यायला काय झालं होतं मला? एकदासुद्धा आलो नाही गं.” तारेचे बाहेरचे टोक बाजूला वाकवून त्याने आपला डोळा भोकाला लावला.

बाई हळूहळू पुढे आल्या. स्टुलावर चढल्या. इतकी वर्षे त्यांनी बाहेरचे जग माझ्यातून पाहिले होते, फुगलेल्या नाकांचे, ताणलेल्या कपाळांचे, जवळ येणारा प्रत्येक जण अंगावर येणारा. आता मध्ये मी नव्हतो. भोकापलीकडे एक डोळा होता, डोळ्याएवढाच. तो लाल झाला होता आणि त्यातून पाणी वाहत होते. बाई किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. दोघांच्या डोळ्यांत एका फळीचे अंतर होते.

“बाकीच्यांना गल्लीबाहेर जाऊ दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “तू एकटा थांब.”

भाच्याने मागे न वळता हाताने खूण केली. किल्लीवाला पिशवी उचलून चालता झाला, हुडक्या मुकाट्याने फाटकाकडे वळला. बाईंनी तार सोडली आणि कडी सरकवली. दार करकरत उघडले. भाचा आत आला आणि त्याने मावशीचे दोन्ही हात धरले. ते बर्फासारखे गार होते. तो चोळून चोळून ते हात ऊन करत राहिला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला. इस्त्रीवाली परत आली होती आणि तिने हुडक्याला शर्टाला धरून फाटकापर्यंत ओढत आणले होते.

“तुम्हीच म्हणालात ना गेल्या म्हणून!” हुडक्या केविलवाणा होऊन सांगत होता.

“गेल्या म्हणजे गेल्या! मेल्या असं कुठं म्हणाले मी?”

“मग गावाला गेल्या म्हणायचं ना, ताई!”

“अहो, पण गावाला तरी कुठं गेल्या होत्या? घरातच होत्या की!”

दारात उभ्या बाईंनी ते ऐकले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! चूक माझीच गं. एक शब्द गाळला आणि मीच मला मारून टाकलं.” आधी त्यांना हसू फुटले, मग हसता हसता हुंदका आला, आणि मग त्या मोठ्याने, लहान मुलीसारख्या रडल्या. बांगड्या गेल्या त्या दिवसापासूनचे सगळे रडणे आत तुंबून राहिले होते. हुडक्या फाटकाबाहेर मान खाली घालून उभा होता. त्याचेही डोळे भरून आलेले मला पायरीवरून दिसले.

भाच्याने मावशीला आपल्याकडे चलायचा फार आग्रह केला. बाई म्हणाल्या, “येईन चार दिवस. पण घर सोडून नाही.” आता भाच्याकडे नवा नंबर आहे आणि तो रोज फोन करतो. एखादे दिवशी उशीर झाला, तर बाईच लावून त्याची कानउघाडणी करतात. पुढच्या दाराचे कुलूप गेले. खिडकी उघडते. हुडक्या अजून बंद घरे हुडकतो, त्याच्या पोटाचाच तो धंदा आहे. पण आमच्या गल्लीत आला, की कोणत्याही बंद दारासमोर आधी मोठ्याने हाक मारतो, “कोणी आहे का आत?” आणि उत्तराची वाट बघत बराच वेळ थांबतो.

मी आता कामाचा उरलो नाही. माझे दोन्ही तुकडे पुन्हा जोडले, पण काचेला तडा आहे आणि आटे झिजले आहेत. खिडकीच्या कट्ट्यावर मी आडवा पडून असतो. दाराला साखळी लावली आहे आणि माझ्या जागी भोकात कापसाचा बोळा आहे. कोणी आले, की बाई बोळा काढून आधी विचारतात, “कोण?” बाहेरून उत्तर येते, मग त्या दुसरे काही विचारतात. मी असताना नुसते बघणे होते, हे बोलणे नव्हते. मला थोडे वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही एखादे बंद घर असेल. ते रिकामे आहे का, हे गंजाला, गवताला, मीटरला विचारू नका. हाक मारा. उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. आणि तुमचे कोणी लांब एकटे राहत असेल आणि त्याचा फोन लागत नसेल, तर कारण मनाशी ठरवू नका, जाऊन पाहा. आमच्यासारख्या काचेच्या डोळ्यांवर फार विसंबू नका. आम्हाला पुसा, जपा, पण आमच्यावर सोडून देऊ नका.

आता हे तुम्हाला सांगत असतानाच दारावर थाप पडली आहे. बाईंचा हात छातीशी गेला आहे. भीती काही गेली नाही. पण त्या उठल्या आहेत, दाराकडे निघाल्या आहेत, आणि बाहेर कोणीतरी इस्त्रीवालीला विचारत आहे, “बाई आहेत का?”

“आहेत की!” इस्त्रीवाली सांगते आहे. “आहेत.”